गुरुजींनी लिहून दिलेला पत्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांच्या हातचा एक कागद मी आज सोबत आणला आहे. लग्नपत्रिकेचं पाकीट आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने चार ओळी आहेत. पहिल्या ओळीत मिरजेच्या एका डॉक्टरांचं नाव, दुसरीत गल्ली, तिसरीत स्टेशनवरून कसं जायचं ते, आणि चौथी ओळ अधोरेखित केलेली: "रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडून आज चौथा दिवस." पाकीट आमच्या आईच्या हातात देताना गुरुजी म्हणाले होते, "डॉक्टरांना ही शेवटची ओळ आधी दाखवा."

ते साल 1983. माझा थोरला भाऊ नाना साखर कारखान्यात फिटर होता. हंगामात पाळीवर असायचा तोवर पिणं संध्याकाळपुरतं असे. हंगाम संपून पट्टा पडला आणि घरी बसायची वेळ आली की सकाळी तोंड धुण्याआधी घोट लागायचा. आईने सगळं करून पाहिलं होतं. रडून झालं, शपथा घालून झाल्या, पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभं राहून झालं. शेवटी आषाढी एकादशीला तिने त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. नानाने माळेचा मान ठेवला. त्या सकाळपासून त्याने थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कपबशी ठरेना. चहा बशीत, बशीतून अंगावर. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे. तिसऱ्या रात्री तो उठून बसला आणि वहिनीला म्हणाला, "झाडू आण, भिंतीवर मुंग्या चढल्यात." भिंत कोरी होती. मग तो पांघरुणातून न दिसणारे दोरे ओढून काढू लागला. अंग घामाने निथळत होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे. अंगारा झाला, उतारा झाला. पहाटे त्याला फीट आली तेव्हा कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. उजाडल्यावर बैलगाडीतून त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसाने गाडीशी येऊन पाहिलं आणि सांगितलं, "पिऊन आलेली केस आम्ही घेत नाही." तीन दिवस थेंबही न घेतलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं, ते पिऊन आला म्हणून.

परतीच्या वाटेवर गुरुजी भेटले. त्यांनी नानाचा हात हातात धरला, तो कसा थरथरतो ते पाहिलं, किती दिवस झाले सोडून, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "हे बाहेरचं नाही. हे दारू तुटल्याचं आहे. याला डॉक्टर लागतो, आणि आजच लागतो." गुरुजींना ही गोष्ट कुठून ठाऊक होती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते कारखान्याची जीप मागून घेऊन आले आणि आमच्याबरोबर मिरजेला आले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढच्या आयुष्यात मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून जे काही काम केलं, त्याची सुरुवात त्या जीपमध्ये झाली.

आता नानाला काय झालं होतं ते नीट सांगते, कारण या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी ते उद्या होऊ शकतं. दारू मेंदूला गुंगवते. वर्षानुवर्षं रोज गुंगवला की मेंदूही तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायची सवय लावून घेतो. एका दिवशी दारू काढून घेतली की नुसता जोर उरतो. पहिल्या काही तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, दिवसरात्र कळेनाशी होते, ताप चढतो. या अवस्थेत माणूस दगावू शकतो. उपाय साधा आहे: डॉक्टरच्या देखरेखीखाली मेंदू शांत ठेवणारी औषधं काही दिवस देऊन हळूहळू कमी करायची, आणि बी-वन जीवनसत्त्व द्यायचं. ते वेळेत मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. यासाठी लागतात ती औषधं महागडी नाहीत. लागतो तो एक माणूस, जो म्हणेल की हे बाहेरचं नाही.

माळेला मी दोष देत नाही. माळेने सुटलेली माणसं मी मोजून सांगू शकेन. "मी माळकरी आहे" म्हटलं की आग्रहाने पुढे केलेला ग्लास मागे जातो. गावात न पिण्याला इतकं मानाचं दुसरं कारण नाही. आमचं चुकलं ते एवढंच, की माळ घातली त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं नाही. दोन्ही एकत्र चालतात. मी पुढे ज्या ज्या कीर्तनकारांना, दिंडीच्या चालकांना भेटले त्यांना हे सांगितलं, आणि त्यातल्या एकानेही ते वाकडं घेतलं नाही.

हीच गोष्ट मी मोठ्या प्रमाणावर पाहिली ती बाटली आडवी झाली त्या गावांमध्ये. आपल्या राज्यात बायकांनी मागणी केली तर गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की नाही यावर मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. त्यासाठी भरघोस मतदान व्हावं लागतं. आजारी म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणलेलं मी पाहिलं आहे. गडचिरोलीत तर बायकांच्या आणि गावांच्या रेट्यापुढे सरकारने 1993 साली सबंध जिल्ह्यात दारूबंदी केली. या चळवळींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

पण अशाच एका गावात दुकानाला कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गेले होते. सकाळची वेळ, पारावर पाच-सहा माणसं घोंगडी पांघरून बसलेली, आणि मे महिना चालू होता. एकाची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, मीच पुढं होऊन मत दिलं. आता हे असं कापायला लागलेत. मी काही पाप केलं का?" तिने पाप केलं नव्हतं. दुकान बंद करायचा अधिकार तिला कायद्याने दिला, तिने तो वापरला. दुकान बंद झाल्यावर या माणसांनी कुठे जायचं, हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं आहे की आडव्या बाटलीचा निकाल लागेल त्याच दिवशी गावात डॉक्टरांची गाडी उभी असली पाहिजे. तलाठी येतो, पोलीस येतात, उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारी येतात. डॉक्टर का नको?

आपल्या साहित्याने ही माणसं फार आधी पाहिली होती. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी. आपण पिढ्यान्‌पिढ्या दारूत बुडालेल्या सुधाकरच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडत आलो. मी ते नाटक पुन्हा वाचलं तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे गेलं. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो. मनापासून सोडतो. नोकरी शोधायला बाहेर पडतो, आणि जुने ओळखीचे लोक त्याला ज्या तऱ्हेने वागवतात त्याने खचून पुन्हा प्याल्याकडे वळतो. सोडणं आणि पुन्हा सुरू होणं यांच्यामधली ती जागा गडकऱ्यांनी नेमकी पकडली आहे. त्या काळी त्या जागेवर उभं राहून हात देणारं कुणी नव्हतं. दारुड्यांनी दारुड्यांना सावरायचं, हा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए. ए. चा, विचार अमेरिकेतल्या ॲक्रन गावी 1935 साली सुरू झाला आणि भारतात तो 1957 साली रुजला. सुधाकरसाठी दारच अस्तित्वात नव्हतं. आपल्या नानांसाठी ते आहे.

आणि सिंधूसाठी? सिंधू म्हटलं की मला आमची वहिनी दिसते. नाना दवाखान्यातून घरी आला तेव्हा सगळ्यांनी त्याची चौकशी केली. वहिनीला तीन वर्षं झोप नव्हती. पाठ धरायची, डोकं ठणकायचं, सकाळी अंथरुणातून उठायला हात टेकावे लागायचे. ती दर महिन्याला डॉक्टरकडे जाऊन "गळून गेल्यासारखं होतं" म्हणायची आणि डॉक्टर सलाईन लावायचे, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन द्यायचे. आपल्या बायका "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, अंग मोडून येतं, जीव घाबरतो, कशात चव नाही. ही नैराश्याची मराठी आहे. ती भाषा सलाईन लावणाऱ्या डॉक्टरला समजली असती तर वहिनीची तीन वर्षं वाचली असती. पुढे मी ओपीडीत बसू लागले तेव्हा दारूच्या प्रत्येक रुग्णाबरोबर आलेल्या बाईला आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: "तुम्हाला झोप लागते का?" त्या प्रश्नावर रडली नाही अशी बाई मला क्वचित भेटली.

आता थोडे आकडे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी करून 2019 साली अहवाल दिला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी माणसं दारू पितात, आणि त्यांतल्या 5 कोटी 70 लाखांहून अधिक माणसांना पिण्यामुळे मदतीची गरज आहे. ज्यांना दारूचं व्यसन जडलं आहे त्यांच्यातल्या 38 जणांमागे एकाने आपल्याला काही तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते 180 मागे एकाला. त्याआधी बंगळुरूच्या निम्हान्सने 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या विकारांत उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण 86 टक्के आढळलं होतं. 38 जणांमागे एक. एका एसटीत बसतील एवढी माणसं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातला एकच खाली उतरताना पाहा.

बाकीचे का उतरत नाहीत? पुष्कळदा असं सांगितलं जातं की लोकांना लाज वाटते. लाज असते, मी नाकारत नाही. पण मला आलेला अनुभव असा, की लाजेच्या कितीतरी आधी अज्ञान उभं असतं, आणि तेही पत्त्याचं अज्ञान. भिंतीभिंतीवर रंगवलेलं असतं: "न सांगता दारू सोडवा." घरातली बाई त्या नंबरवर पैसे पाठवते आणि आलेली पूड चहात कालवते. दारूशी वावडं निर्माण करणारी औषधं रुग्णाला न सांगता देणं धोक्याचं आहे. वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो. तरी बाई ते करते, कारण तो नंबर भिंतीवर आहे आणि सिव्हिलमधल्या मनोविकार ओपीडीचा वार कुठेच लिहिलेला नाही. फसवणारे आपला पत्ता मोठ्या अक्षरांत लिहितात. सरकारी आणि भल्या सेवा आपला पत्ता झाकून ठेवतात, जणू तोही गुप्त रोग आहे.

तर पत्ते सांगते. तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग असतो. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली आखला गेला आणि 1996 पासून तो जिल्ह्याच्या पातळीवर उतरला, त्यातून ही सेवा आली. तिथे केस पेपर काढायचा आणि "मानसोपचार" एवढाच शब्द म्हणायचा. कारण खिडकीवर सांगावं लागत नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. "येरवड्याला पाठवीन" अशी धमकी आपण लहानपणी ऐकली, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, माणूस सकाळी जाऊन औषध घेऊन दुपारी घरी येऊ शकतो. टेलिमानस ही केंद्राची दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. क्रमांक 14416, चोवीस तास, मराठीतही. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज पडली तर तो पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. जीव नकोसा झाला असेल, तेव्हाही हाच नंबर. व्यसनासाठी 14446.

आणि संस्था. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. एका लेखकाने पाहिलं, दुसऱ्या लेखकाने वाचलं आणि त्यातून दार उघडलं, ही मराठी वाचकाला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. मुक्तांगणने व्यसनी माणसाच्या बायकोलाही उपचारात जागा दिली, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आय. पी. एच. ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा याच आजारावरचा 'देवराई' हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. भावाच्या आजाराशी झगडणारी त्यातली बहीण पाहताना मला माझंच घर आठवलं.

मोठ्या संस्था मोठ्या शहरांत असतात, खेड्यातल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न कुणी तरी विचारणार. याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यातून आलं आहे. संगत या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवलं आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायला लावलं. उपदेश करायचा नाही. किती पितो, का पितो, कधी टाळता येईल, हे त्याच्याबरोबर बसून शोधायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा अशा बैठका झालेल्यांपैकी 36 टक्के माणसांचं पिणं धोक्याच्या खाली आलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. शंभरातले दहा जास्त, हा आकडा काहींना लहान वाटेल. मला तो लहान वाटत नाही, कारण त्या दहा जणांच्या घरात दहा वहिनी आहेत, आणि हे काम आपल्या आशाताई, आपले निवृत्त शिक्षक करू शकतील एवढं ते सोपं करून दाखवलं आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या बाजूचा आहे आणि आपल्याला माहीत नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण जळून गेले. त्यांना पळताच आलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याने साखळीने बांधायला मनाई केली. परवडणारे आणि चांगले उपचार सरकारी सेवेतून मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसांना हे उपचार मोफत. जिल्ह्यात किमान सेवाही नसतील तर त्या जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा न करता सरकारने त्याची काळजी घ्यायची. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकारही या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला मारहाण करणारी, खोलीत डांबून ठेवणारी जी ठिकाणं अधूनमधून उघडकीला येतात, ती बेकायदा आहेत. आपल्या माणसाला कुठेही दाखल करण्याआधी नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, भेटायला कधी देणार ते विचारा. भेटायला देत नसतील तर परत फिरा.

पण हक्क कागदावर असला तरी शेवटी तो एका खिडकीशी येऊन थांबतो. एका सिव्हिलमधली गोष्ट सांगते. उन्मादाच्या आजाराची एक बाई चार वर्षं लिथियमवर व्यवस्थित होती. शिवणकाम करायची, दर महिन्याला बुधवारी यायची, मुलीच्या फ्रॉकचे उरलेले तुकडे जोडून केलेल्या पिशवीत केस पेपर घालून आणायची. एका बुधवारी औषधाच्या खिडकीवरून उत्तर आलं, "गोळी संपली, बाहेरून घ्या." तिच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे होते, तेवढेच. पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात ती आली नाही. आली ती सहा आठवड्यांनी, पोलिसांच्या गाडीतून; झोप नव्हती, घसा बसलेला, पिशवी कुठे तरी हरवलेली. तिच्या मुलीला मामाने नेलं ते परत पाठवलं नाही. लिथियम ही जुनी, स्वस्त गोळी आहे. ती संपल्याची नोंद कुठल्याशा वहीत असेल, तिची मुलगी गेल्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. मी त्या दिवसापासून मानते, की मानसिक आरोग्याची पहिली सेवा म्हणजे गोळी न तुटणं. समुपदेशनाचे सुंदर कक्ष नंतर. तुमच्यात जिल्हा परिषदेचे सदस्य बसले आहेत, रुग्ण कल्याण समितीवर काम करणारेही आहेत. तुमच्या हातात हे आहे. महिन्यातून एकदा त्या खिडकीशी उभे राहा आणि मनोविकाराच्या कोणत्या गोळ्या शिल्लक आहेत, ते विचारा.

नानाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मिरजेहून आल्यावर तो आठ महिने राहिला आणि पुन्हा प्यायला लागला. आईने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. असं आणखी एकदा झालं. 1994 मध्ये त्याच्या कारखान्यातलाच एक जण त्याला सांगलीला ए. ए. च्या मीटिंगला घेऊन गेला. एका शाळेतला वर्ग, चौथीच्या मुलांचे बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं, फळ्यावर पाढे तसेच राहिलेले. फी नाही, वही नाही, आडनाव विचारायचं नाही. एकेक जण उठून आपलं नाव सांगतो आणि आपण दारुडा आहोत म्हणून सांगतो. नाना मला म्हणाला होता, "मी तिथं सांगितलं की दोनदा सोडून दोनदा परत घेतली, तर कुणी मान खाली घातली नाही. एकानं विचारलं, स्लिप झाली त्या दिवशी सकाळी काय झालं होतं? बाईसाहेब, मला हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता." तो मला लाडाने बाईसाहेब म्हणायचा.

पुन्हा सुरू होणं हा या आजाराचा भाग आहे. साखर वाढलेल्या मधुमेह्याला आपण घराबाहेर काढत नाही; त्याची गोळी बदलतो, त्याने काय खाल्लं ते विचारतो. स्लिप झालेल्याला मात्र आपण म्हणतो, याला संधी दिली, याने घालवली. ज्या सेवेचं दार पहिल्या वेळी उघडतं आणि तिसऱ्या वेळी बंद होतं, तिची गरज नेमकी तिसऱ्या वेळी असते. वहिनीही पुढे घरच्यांच्या बैठकांना, अल-अनॉनला जाऊ लागली. पहिल्या दिवशी तासभर नुसती बसून होती. घरी आल्यावर म्हणाली, "माझ्यासारख्या नऊ जणी होत्या." त्या रात्री ती झोपली.

नाना 2011 मध्ये हृदयविकाराने गेला. शेवटची सतरा वर्षं तो प्यायला नाही. आई त्याआधी गेली होती, पण तिने देव्हाऱ्यातली माळ काढून स्वतःच्या हाताने पुन्हा त्याच्या गळ्यात घातली, ते मी पाहिलं. दर गुरुवारी तो मीटिंगला जाताना खिशात चार-पाच चिठ्ठ्या ठेवायचा. चिठ्ठीवर शाळेचा पत्ता आणि वेळ. एसटीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये, एखाद्याचा हात कापताना दिसला की एक चिठ्ठी त्याच्या खिशात सरकवायची. कुणी विचारलं की हे काय, तर म्हणायचा, "आमच्या गुरुजींची पद्धत आहे."

सभागृहाच्या दाराशी, चपला काढल्या तिथल्या टेबलावर, मी दोनशे कागद ठेवले आहेत. एका बाजूला टेलिमानसचा आणि व्यसनमुक्तीचा नंबर आहे. आपल्या सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचा वार आणि खोली क्रमांक काल दुपारी स्वतः जाऊन विचारून घेतला, तो खाली आहे. गावातल्या ए. ए. मीटिंगची जागा आणि वेळही आहे. दुसरी बाजू कोरी आहे. तिच्यावर, तुम्ही ज्याच्यासाठी तो कागद न्याल त्याच्याबद्दल, डॉक्टरांना आधी दाखवायची ती एक ओळ लिहा: काय होतंय, कधीपासून होतंय, आणि शेवटचं कधी घेतलं. पेन्सिली आहेत. नऊ वाजेपर्यंत मी तिथेच बसलेली आहे.